जुन्या वाड्यांच्या सामानाची वखार, रहिमतपूर रस्ता, सातारा : ४ स्टार, पण टेप आणि टोच्या घेऊन जा

आधीच सांगते, या वखारीला बोर्ड नाहीये, मॅपवर टाकाल तर सापडणार नाही. साताऱ्यातून रहिमतपूर रस्त्याला लागलात की कुठल्याही टपरीवर "जुन्या लाकडाची वखार कुठाय" म्हणून विचारा, शाळेतली पोरं पण हात करून दाखवतात. पत्र्याचं कुंपण, आत दोन शेड, बाकी सगळं उघड्यावर. पहिल्यांदा बघणाऱ्याला भंगारवाल्याकडे आल्यासारखं वाटतं, चौकटी एकावर एक टेकवलेल्या, दगडांचे ढीग, कौलांच्या थप्प्या, मध्येच एका पाळण्याच्या कड्या आणि कुणाच्या तरी देवघराचं दार. लगेच गाडी वळवू नका. अर्धा तास फिरलात की कळतं की ढिगाला शिस्त आहे.

आमचं काम शाहूपुरीत चालू आहे. मागे साधं आरसीसी घर, आणि पुढचा सोपा (ओसरी) तेवढा जुन्या पद्धतीचा, चार लाकडी खांब, वर कडीपाट (लाकडी कड्यांवर पाट टाकलेलं छत), खाली दगडी जोतं, असा सासऱ्यांचा, म्हणजे दादांचा, हट्ट. आमचे हे म्हणत होते एवढ्या पैशात वरचा मजला निघेल, पण दादांपुढे कोण बोलणार. आर्किटेक्टबाईंनी एकच अट घातली, नवीन लाकडाला जुना रंग फासून घर म्हणजे सिनेमाचा सेट करायचा नाही, करायचं असेल तर खरं जुनं सामान आणा आणि ते जिथं शोभतं तिथंच लावा. म्हणून ही सगळी धावपळ. कराडपासून वाईपर्यंत अशा बऱ्याच जागा पाहिल्या, त्यात ही सगळ्यात बरी वाटली, का ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे वखारवाले अण्णा. सत्तरीच्या आसपासचे, बोलायला तिरसट, पण कुठल्याही खांबाला हात लावा, तो कुठून आला ते सांगणार. त्यांच्याकडे एक लांबडी हिशोबाची वही आहे, त्यात प्रत्येक वाड्याचं गाव, किती खणांचा होता (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण), कुठल्या महिन्यात उतरवला, खाली काय निघालं वर काय निघालं, सगळं बॉलपेनने लिहिलेलं. आणि प्रत्येक तुळईच्या टोकाला पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर. म्हणजे तुम्हाला एकाच सोप्याचे चार खांब, त्यांचे तेच हस्त (खांबाच्या डोक्यावरचे, तुळईला आधार देणारे लाकडी हात) आणि त्यावरच्याच तुळया एकत्र मिळू शकतात. दुसरीकडे हे मिळत नाही, तिथं एक खांब कोरेगावच्या वाड्यातला, दुसरा कुठला कुणाला माहीत, उंचीत तीन बोटांचा फरक, मग सुताराने खाली फळीचे तुकडे मारायचे.

एक निरीक्षण, तुम्ही पण करून बघा. खांबाच्या वरच्या टोकाला, जिथं तो हस्तात बसतो, तिथं छिन्नीने मारलेल्या बारक्या रेघा असतात. कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन आणि एक आडवी. त्याच रेघा हस्ताच्या पोटात पण असतात. जुन्या सुतारांनी जमिनीवर जोडणी करून बघायची, खुणा करायच्या, मग वर चढवायचं. अण्णांनी टॉर्च मारून मला दाखवलं आणि म्हणाले, "ताई, माझा पेंटचा नंबर पुसला तरी चालंल, ह्यो नंबर बघून लावा." आमच्या मिस्त्रींनी अगदी तसंच लावलं, एक खांब तेवढा त्यांनी उलटा धरला होता तो रेघांमुळे लगेच कळला.

आता पैशाचं. जुनं सागवान घनफुटावर विकतात. आम्हाला २,६०० रुपये घनफूट लावलं, नवीन सागवान साताऱ्यात साडेचार हजारांच्या पुढे सांगत होते. ऐकायला निम्मं वाटतं ना, पण थांबा. एक तुळई धरा, नऊ फूट लांब, आठ इंच बाय सहा इंच. म्हणजे बरोबर तीन घनफूट, ७,८०० रुपये झाले. आता ही तुळई तुम्ही सॉमिलला नेऊन चिरून दरवाजाच्या चौकटी करायचं म्हणालात, तर काय होतं, की टोकाचा अर्धा अर्धा फूट भिंतीत गाडलेला असतो, तिथं पिढ्यान्‌पिढ्या ओल लागलेली असते, तो जातो. चारी बाजूंनी अर्धा इंच खिळ्यांची भोकं, काजळी आणि भेगा, तो रंधून काढावा लागतो. उरलं काय तर आठ फूट, सात बाय पाच. हिशोब करा, दोन घनफूट पण धड भरत नाही. म्हणजे हातात पडलेलं लाकूड चार हजारांच्या घरात गेलं, वर चिराईची मजुरी वेगळी, आणि एखादा खिळा आत राहिला तर सॉमिलवाला ब्लेडचे पैसे तुमच्याकडून घेणार. मग नवीन काय वाईट?

म्हणून अण्णांचं एक पालुपद आहे, तुळई तुळई म्हणून न्या. चिरायला न्यायची असेल तर मी देतो, पण मग माझ्या नावानं बोंबलू नका. आणि ते खरंय. सोप्यावर तुळई तशीच चढवली तर तिची भोकं, तिचा काळेपणा, कडीला दोर बांधून पडलेली घळ, काहीच कापावं लागत नाही, फक्त टोकं बघायची. आम्ही तेच केलं. खणाचं माप तुळईच्या लांबीवरून ठरवायचं, घराच्या प्लॅनवरून तुळई शोधायची नाही. आर्किटेक्टबाईंनी प्लॅन दोनदा बदलला, पण कुरकुर केली नाही. त्यांचं म्हणणंच होतं की आधी सामान, मग ड्रॉइंग.

लाकूड बघायचं कसं, हे पण लिहिते कारण बरेच जण विचारतील. टोच्या किंवा जाड स्क्रूड्रायव्हर न्या आणि टोकाला, विशेषतः खालच्या अंगाला, दाबून बघा. चांगलं जुनं सागवान असेल तर टोक आत शिरतच नाही, आणि जिथं सडकं असेल तिथं बिस्किटासारखं आत जातं. हातोडीने ठोकत जा, आवाज पोकळ आला की वाळवीने आतून पोखरलंय समजा, वरून पापुद्रा अगदी शाबूत असतो. बाहेरचा पिवळट भाग हा गाभा नव्हे, कीड आधी तिथंच लागते. वाळवीचं औषध घरी आल्यावर मारायचंच, पण पोखरलेल्याला औषध मारून काही उपयोग नाही. जुन्या लाकडाचा खरा फायदा असा की ते कधीच वाळून बसलंय, पावसाळ्यात फुगून दार घट्ट होणं, उन्हाळ्यात फट पडणं, हे फार होत नाही. बाजारात आता जे सागवान येतं त्यात बरंच लागवडीचं, कमी वयाचं, ते नीट वाळवलेलं नसलं की वर्षभरात बाक धरतं.

आणि खोटं जुनं कसं ओळखायचं. हायवेला एक चकाचक शोरूम आहे, नाव नको, एसी लावून "वाड्याचे दरवाजे" विकतात. तिथल्या दाराच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर करवतीच्या गोल गोल खुणा, म्हणजे मशीनवर चिरलेलं. खऱ्या जुन्या दाराच्या पाठीवर वाकस नावाच्या हत्याराने हाताने तासल्याच्या उथळ खोलगट खुणा असतात, बोटाला लाटा लागतात, आणि खिळे गोल डोक्याचे, हाताने ठोकून केलेले. स्क्रू दिसला आणि तो प्लसचा असला तर पुढे बोलायलाच नको. त्यांनी त्या दाराची किंमत सांगितली तेवढ्यात आमच्या चारही खांबांचं लाकूड आलं असतं.

रंग लावलेली दारं घेताना एक काळजी, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, जाळून काढू नका, ओलं करून मास्क लावून काढा आणि लहान पोरांना त्या दिवशी मामाकडे पाठवा. वखारीत हे कुणी सांगत नाही, अण्णांचा पोरगा तर तोंडाला रुमाल न बांधता ग्राइंडर मारत होता.

आता विटा आणि दगड. विटांच्या बाबतीत एक गोष्ट मला इथं आल्यावर कळली. वाड्याच्या विटा पातळ, चपट्या असतात आणि चुन्यात बांधलेल्या. चुना विटेपेक्षा मऊ, त्यामुळे भिंत उतरवताना वीट अख्खी सुटते, वरचा चुना हातोडीने टकटक केला की साफ. सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीत उलटं होतं, सिमेंट विटेपेक्षा कडक, त्यामुळे वीटच फुटते, सांधा सुटत नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची भिंत परत वापरता येते आणि आपण चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या बंगल्याचा फक्त राडारोडा होतो. २०१६ मध्ये केंद्राने बांधकामाच्या राडारोड्यासाठी वेगळे नियम काढले होते, वेगळा करा, रस्त्याकडेला टाकू नका वगैरे, आणि आमच्याकडे अजून ओढ्यात टाकतात. असो.

विटा घेताना खालच्या थरातल्या घेऊ नका. गोठ्याच्या भिंतीच्या तर अजिबात नको, त्यांच्यात क्षार मुरलेला असतो, तुम्ही कितीही धुवा, पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतीला पांढरा लोणा फुटतो. वीट जिभेला लावून बघतात मिस्त्री, खरंच, खारट लागली की बाजूला. मी नाही लावली.

आणि जुन्या विटांना परत सिमेंटचा कडक माल लावू नका, म्हणजे जो फायदा होता तोच घालवला. आम्ही चुनाच वापरला, विटा आधी पाण्यात भिजवून. चुना सावकाश घट्ट होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत, त्यामुळे मिस्त्रीला घाई करता येत नाही आणि त्यांना तेच आवडत नाही. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळणं हे सामान मिळण्यापेक्षा अवघड आहे. अण्णांनी वाईकडचा एक म्हातारा मिस्त्री सुचवला, त्याचे पैसे वेगळे, पण काम बघण्यासारखं.

दगड म्हणजे आपला काळा दगड, घडीव. जोत्याचे मोठे चिरे ब्रासवर (शंभर घनफुटांच्या मापावर) नाही, नगावर विकतात, कारण एकाचं माप दुसऱ्याला जुळत नाही. इथं मात्र वही कामाला येते, एकाच जोत्याचे दगड एकत्र घेतले तर थर जुळतात, नाहीतर पाथरवटाला परत घडवायला लावा, त्याच्या मजुरीत नवीन दगड येतो. आम्हाला खांबांचे चार तळखडे, म्हणजे खांबाखालचे दगड, पण त्याच वाड्यातले मिळाले. त्यांच्या मधोमध चौकोनी खाच आहे, खांबाचं कुसू (टोकाची जीभ) बसायला, आणि एकाच्या खाचेत पाणी साचून दगडाला गोलसर खड्डा पडलाय, म्हणजे तो खांब अंगणाच्या बाजूचा, पागोळी जिथं पडायची तिथला. मी मिस्त्रींना सांगून तो तळखडा परत अंगणाच्याच बाजूला बसवला. कुणाला दिसणार नाही, पण मला माहितीये.

कौलांबद्दल एक गंमत. मंगलोरी कौलांच्या थप्पीत काही कौलांवर बासेल मिशन या मिशनरी संस्थेचं नाव आणि १८६५ असा ठसा. अण्णांचा पोरगा ती "दीडशे वर्षं जुनी" म्हणून वाढीव भावात सांगतो. १८६५ हे मंगळुरात मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते साल आहे, तुमच्या हातातलं कौल भाजलं ते नाही. मी हे म्हटल्यावर तो हसला आणि भाव खाली आला. कौल घेताना दोन बोटांवर धरून दुसऱ्या हाताने टिचकी मारा, घंटेसारखा आवाज आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे भेग.

आता इंजिनीअरचा मुद्दा, हा कुणी टाळू नये. सातारा जिल्हा आहे, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो, दगडमातीच्या जाड भिंती बसल्या आणि माणसं गाडली गेली. जुन्या वाड्यांमध्ये भार बऱ्याचदा भिंतीवर नसतो, खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो, भिंत नुसती भरलेली, तो सांगाडा हलतो पण लगेच पडत नाही. पण त्यासाठी सांधे घट्ट पाहिजेत, आणि जुन्या तुळईच्या टोकाला सांधाच कुजलेला असेल तर नुसता काळा देखणा खांब उभा करून काय उपयोग. आमच्या इंजिनीअरने प्रत्येक खांबाच्या तळाशी तळखड्यातून स्टीलची सळई घ्यायला लावली, तुळया मागच्या आरसीसीला पट्ट्यांनी बांधल्या, दगडी जोत्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवला, तो बाहेरून दिसत नाही. आणि वरच्या माळवदाची (मातीच्या सपाट छताची) पांढरी माती घालू दिली नाही, वजन नको म्हणून. सासरे चिडले, की माळवद नाही तर सोपा कसला. इंजिनीअर म्हणाला दादा, वजन डोक्यावर पाहिजे का पायाखाली ते सांगा. मग कडीपाटावर हलकं कौल झालं.

हे सगळं ठीक, पण एक प्रश्न मला मिटवता येत नव्हता, तो अण्णांना सरळ विचारला. तुमच्यामुळे वाडे पाडायला लोकांना कारण मिळतं का? कारण भाव आला की भाऊबंदकीत अडकलेले वारस म्हणणार, चला, लाकूडच पाच-सहा लाखांचं आहे. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, वाडा पडतो तो माझ्यामुळं नाही, बारा वाटण्या, पुण्याला नोकऱ्या आणि पावसाळ्यात गळणारं छप्पर यामुळं पडतो. जेसीबी आला की एका दिवसात सपाट, खांब मोडून, सगळं सरपणाला. मी बोलावलं तर आधी कौलं, मग वासे, मग माळवदाची माती घमेल्यानं खाली, मग पाट, कड्या, तुळया, खांब, आणि शेवटी जोतं, जसं चढलं तसंच उलटं उतरवतो, पंधरा माणसं लावून. जिथं वारसांनी दुरुस्ती करायची तयारी दाखवली तिथं मी माझ्याकडचाच खांब विकलाय, असं पण म्हणाले. ते खरं असावं कारण आम्ही होतो तेव्हा एका गावातले दोघे भाऊ वाड्याचा एक कुजलेला खांब बदलायला माप घेऊन आले होते आणि अण्णांनी आमच्या आधी त्यांना बघितलं. मला तेव्हा राग आला होता, पण बरोबर होतं.

माझं मत विचाराल तर जुन्या सामानाचा सगळ्यात चांगला उपयोग तोच, पडक्या वाड्यातलं लाकूड उभ्या वाड्याला. त्याच्याखालोखाल आमच्यासारखं, खांब म्हणून खांब. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिंडी दरवाजा कापून त्याचं काचेचं टेबल. महाबळेश्वर रस्त्याच्या एका रिसॉर्टवाल्याने अण्णांकडून बारा हस्त नेले आणि भिंतीला उलटे ठोकून दिवे लावलेत, फोटो दाखवला अण्णांनी, दाखवताना शिवी पण दिली.

जायच्या आधी एकदा मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा बघून या, वाईपासून जवळच आहे. खांब, हस्त, तुळई, कडीपाट हे सगळं जिथं असायचं तिथंच उभं आहे, दुकानात आडवं पडलेलं बघून काही कळत नाही. घाटावर ती पोर्तुगीज घंटा पण बघा, चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली त्यावेळची म्हणतात, चर्चची घंटा कृष्णाकाठच्या देवळात. आपल्याकडे सामान असं हिंडत आलंय. माझं आजोळ कोयनेच्या बुडीतातलं. धरणाचं पाणी चढायच्या आधी पणजोबांनी घराचे वासे-तुळया सोडवून बैलगाडीने नव्या गावठाणात नेल्या, तिथं तेच घर परत उभं केलं, थोडं बुटकं. तेव्हा कुणी त्याला हेरिटेज म्हणालं नव्हतं, लाकूड टाकून कोण देतं.

आर्किटेक्टबाईंनी मोबाइलवर चीनमधलं निंगबोचं म्युझियम पण दाखवलं, वांग शू नावाच्या आर्किटेक्टचं, २००८ सालचं, आजूबाजूची गावं पाडली त्यांच्याच विटा-कौलं भिंतीत रचलीत. भारी आहे, त्याला २०१२ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टांचं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं. आपल्या केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी त्याच्या कितीतरी आधी पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या नव्या घरांना लावली, पैसे वाचावेत म्हणून. मला बेकरांचं जास्त पटतं, म्युझियमला बजेट असतं, आम्हाला होमलोन.

कोरीव कामाबद्दल वेगळं लिहिते. अण्णांकडे कोरीव फारसं नाही आणि जे आहे ते ते पुढे करत नाहीत. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड), सतीशिळा, देवळाचा दगड, मूर्ती, काही आणलं तर घेत नाहीत, परत न्या म्हणतात, आमच्या समोर एका टेम्पोवाल्याला हाकललं. हे मला सगळ्यात आवडलं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत इमारतीपासून सुटी केलेली, शंभर वर्षांवरची वस्तू पण येते आणि पुरावस्तूंच्या धंद्याला लायसन लागतं, तर कोरीव चौकट वगैरे घेणार असाल तर कागद बघूनच घ्या. दुसऱ्या एका वखारीत, नाव नाही घेत, वीरगळ बागेत ठेवायला म्हणून सर्रास दाखवला, आम्ही तिथूनच निघालो. सागवान गाडीत घालून नेण्याआधी वनखात्याच्या ऑफिसात विचारा की वाहतुकीला काय कागद लागतो, बिल आणि कुठल्या घराचं लाकूड याचा ग्रामपंचायतीचा दाखला जवळ ठेवा. हा दाखला अण्णा देतात, मागितला तर. मागितला नाही तर देत नाहीत.

आता एक स्टार का कापला. मापात कुसू धरतात. म्हणजे खांबाची जी जीभ हस्तात जाते, ती पण लांबीत मोजून घनफूट लावतात, आणि कुजकं टोक पण. टेप आपला न्या, आधीच सांगा की कुजकं वजा, नाहीतर बिल झाल्यावर ऐकत नाहीत. बिल पण कच्चंच देत होते, जीएसटीचं मागितल्यावर चेहरा पडला. आम्ही विसार देऊन ठेवलेलं एक दार, साधं, बिनकोरीव, पण दोन्ही फळ्या एकाच झाडाच्या, ते पोराने पुण्याच्या फार्महाऊसवाल्याला देऊन टाकलं. अण्णा गावाला गेले होते म्हणे. विसार परत केला, माफी नाही मागितली, वर "अजून येतील की ताई". त्या दाराची कडी आणि कोयंडा मात्र माझ्याकडे आहे, घासायला म्हणून आधीच आणली होती. परत मागायला फोन आला होता, मी उचलला नाही.

हमाली वेगळी, ट्रकचं भाडं वेगळं, आणि हे दोन्ही आधी सांगत नाहीत. दगडाचे चिरे उतरवायला माणसं कमी आली, मग आमच्याच साइटच्या गड्यांना लावावं लागलं, त्यांनी पण पैसे घेतले. एका तळखड्याचा कोपरा उडाला, तो कुणाचा हा वाद अजून चालू आहे. ढिगात विंचू असतात, बंद बूट घालून जा, हात घालताना बघून घाला. बसायला जागा नाही, प्यायला पाणी माठात आहे. संडासाचं विचारू नका.

ज्यांना एक खांब पाहिजे हॉलमध्ये कुंडी ठेवायला, त्यांनी इथं जाऊ नये, अण्णा तोंडावर बोलतात आणि तुमचा दिवस खराब होईल. ज्यांचं काम खरंच चालू आहे, मिस्त्री बरोबर आहे आणि घाई नाही, त्यांनी जावं. उन्हाळ्यात जा, मार्च ते मे वाडे उतरवायचं काम चालतं तेव्हा माल ताजा असतो आणि निवड असते, पावसाळ्यात सगळं ताडपत्रीखाली, लाकूड भिजलेलं, टोच्या मारून पण कळत नाही. सकाळी दहाच्या आत गेलात तर अण्णा स्वतः असतात, दुपारनंतर पोरगा. ट्रक वाढे फाट्यावरून स्वतः ठरवा, स्वस्त पडतो, आणि हमालीचं आधी बोलून कागदावर घ्या.